कळवतो म्हणाले

मराठी भाषेत ‘कळवतो’ या शब्दाइतका सभ्य आणि तितकाच निष्ठुर शब्द दुसरा नसावा. मुलगी पाहायला आलेली मंडळी पोहे खातात, चहा पितात, घराण्याची चौकशी करतात आणि चपलांत पाय सरकवता सरकवता म्हणतात, “घरी बोलून कळवतो.” मग कळेपर्यंतचे दिवस त्या घरात कसे जातात, हे ज्याने थोरल्या बहिणीच्या लग्नाआधी पाहिले असेल त्यालाच ठाऊक. आमच्या आक्काच्या वेळी सहा ठिकाणांहून ‘कळवतो’ आले होते. दोघांनी खरोखरच कळवले. उरलेल्या चौघांचे उत्तर अजून यायचे आहे, आणि आक्काची मुलगी आता एकोणिसाव्या वर्षात आहे.

या मुलीमुळेच मला कळले, की कॉलेजेसुद्धा कळवतो म्हणतात. आणि अमेरिकेतली कॉलेजे तर ते फारच गोड शब्दांत म्हणतात.

भाची अकरावीपासून वाईला आमच्याकडे राहत होती. तिला पाण्याचे वेड. कृष्णेच्या घाटावर इतर मुली फोटो काढून घेतात, तर ही बाटलीत पाणी भरून उन्हाकडे धरून बघत बसते. एके दिवशी माझ्यापुढे एक जुनी स्टीलची ताटली आणून ठेवली आणि म्हणाली, “मामा, हिचे चार भाग करून दोन काळे, दोन पांढरे रंगवून दे. रंग पाण्यात सुटता कामा नये.” मी चित्रकलेचा मास्तर. घरातली अशी कामे माझ्याकडे येतातच. मला वाटले, शाळेतल्या प्रदर्शनाचे काही असेल. पण ती निघाली पाणी किती नितळ आहे ते मोजायची चकती. खुणा केलेल्या दोरीला बांधून पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी होईल तिथे दोरीवरचे माप घ्यायचे. सेक्की नावाच्या एका इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली ही युक्ती काढली म्हणे. आकाश बघणाऱ्या माणसाला पाण्यात डोकावावेसे वाटले, ही गोष्ट मला फार आवडली. २०२४ च्या पावसाळ्यापासून भाची दर पंधरा दिवसांनी धोम धरणावर एका ओळखीच्या मासेमाऱ्याच्या होडीतून जाऊ लागली आणि वहीत आकडे मांडू लागली.

याच वहीच्या जोरावर तिने पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजात अर्ज केला. अर्जाची मुदत होती १ नोव्हेंबर २०२४, म्हणजे नेमके लक्ष्मीपूजन. पण ती मुदत तिकडच्या मध्यरात्रीची. आमच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची. तेव्हा पाडव्याच्या सकाळी आमच्या घरात दृश्य असे होते: मी तेल लावून, नाहून पाटावर बसलेलो, सौभाग्यवती औक्षणाचे ताट घेऊन उभी, निरांजनातली वात निम्मी जळालेली, आणि आतल्या खोलीतून हाक, “मामी, थांब जरा, ओवाळू नकोस! वीज गेली तर मला तुमचा मोबाईल लागेल!” वीज गेली नाही. सव्वानऊला अर्ज गेला आणि मला ओवाळणी घालावी लागली ती दोघींना.

डिसेंबरच्या मध्यावर उत्तर आले. ते ‘हो’ नव्हते, ‘नाही’ही नव्हते. लवकर अर्ज करणाऱ्यांना लवकर उत्तर देण्याची तिकडे पद्धत आहे. त्यात काहींना घेतात, काहींना नकार देतात, आणि काहींचा अर्ज पुढच्या मोठ्या गठ्ठ्यात सरकवून मार्चअखेर पुन्हा बघू म्हणतात. भाची या तिसऱ्या प्रकारात बसली होती. पत्र वाचून ती काही बोलली नाही. गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे घेऊन आली आणि घड्या घालत बसली. आमच्या घरात कपड्यांच्या घड्या कुणी आपण होऊन घालू लागले, की काहीतरी बिनसले आहे असे समजावे.

दोन दिवसांनी तिने जाहीर केले, “मला त्यांना पत्र लिहायचं आहे. लेटर ऑफ कंटिन्यूड इंटरेस्ट.”

त्या दिवशी आक्का आणि दाजी आलेले होते. दाजींची सारी हयात पतपेढीत गेलेली. ते दचकून म्हणाले, “चालू व्याजाचं पत्र? अगं, पण आपण अजून कर्ज कुठं काढलंय?”

हसण्यावारी गेले खरे. पण मग तिने त्या शब्दांचा अर्थ सांगितला, आणि हसू जरा ओसरले. अर्ज करून झाला, उत्तर लांबणीवर पडले, तरीही ‘मला अजून तुमच्याकडेच यायचे आहे’ असे सांगणारे ते पत्र. आक्का पटकन म्हणाली, “लोचटपणा वाटणार नाही का गं? एकदा सांगितलं ना आपण?” मी बोललो नाही, पण मनातून आक्काच्याच बाजूचा होतो. आपल्याकडे इच्छा एकदा बोलून दाखवायची असते. दुसऱ्यांदा बोलली की तिची याचना होते. जेवणाच्या पानावरसुद्धा पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे, वाढणाऱ्याने आग्रह करायचा, मग पान पुढे करायचे. कॉलेजने आग्रह करायच्या आधीच पान पुढे कसे करावे?

भाचीने मात्र सगळी माहिती काढून ठेवली होती. अशा पत्राचीही एक रीत आहे. पहिली गोष्ट म्हणजे, कॉलेजला ते हवे आहे की नाही हे पाहायचे. काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेले असते, की आणखी काही पाठवू नका. तिथे गप्प बसण्यातच शहाणपण. काही ठिकाणी अर्जदाराच्या पानावर त्यासाठी जागाच ठेवलेली असते. तिच्या कॉलेजात तशी जागा होती. तिकडची बरीच कॉलेजे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक लांबलचक तक्ता भरून प्रसिद्ध करतात. प्रवेश देताना कशाला किती महत्त्व देतो ते त्यात लिहिलेले असते: गुण, निबंध, शिफारसपत्रे, आणि त्यातच एक ओळ अर्जदाराच्या ओढीची. काही कॉलेजे त्या ओळीपुढे ‘विचारात घेतो’ अशी खूण करतात, काही ‘घेत नाही’ अशी. मला तर ती ओळ वाचून गंमत वाटली. ओढ मोजायला चकती कुठली?

पत्र एका पानाचे असावे. अर्जानंतर नवे काय घडले तेवढेच सांगावे, जुने उगाळू नये. तक्रार नको, रडगाणे नको, इतर कॉलेजांची निंदानालस्ती नको. आणि एकदा पाठवले की दर आठवड्याला दार वाजवायचे नाही. हे सारे सांगून झाल्यावर ती माझ्याकडे वळली. “मामा, तू कादंबऱ्या लिहितोस. तू आधी मराठीत लिहून दे, मी इंग्रजी करते.”

मी रात्री जागून लिहिले. ‘आपल्या ज्ञानमंदिराच्या पायरीशी उभी असलेली कृष्णाकाठची एक कन्या’ अशी सुरुवात होती. पुढे सह्याद्री होता, मंदिरांचे कळस होते, घाटावर तरंगणारे दिवे होते. सकाळी भाचीने वाचले आणि ती मन लावून हसली. “अरे मामा, इंग्रजीत केलं तर हे राजाकडे पाठवलेल्या अर्जासारखं वाटेल. त्यांना सह्याद्री नकोय, मी दोन महिन्यांत काय केलं ते हवंय.” माझ्या कादंबऱ्यांवर याहून नेमके परीक्षण आजवर कुणी लिहिलेले नाही.

दाजींची सूचना अधिक व्यवहारी होती. “शेवटी ठोकून दे, की घेतलंत तर मी नक्की येणार. तेवढ्यानं वजन पडतं.” वजन पडते हे खरेच आहे. ज्याला घेतले तो येईलच अशी खात्री असणे कॉलेजला सोयीचे जाते. पण भाची मान हलवत राहिली. तिला जायचे तर बहुतेक सगळा खर्च कॉलेजनेच उचलायला हवा होता. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणे परदेशी मुलाची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात आणि मग लागेल ती मदत देतात. बाकी बहुतेक ठिकाणी ‘याला पैसे किती द्यावे लागतील’ हा विचार निवडीच्या वेळीच होतो. हिचे कॉलेज त्या मोजक्यांतले नव्हते. ‘नक्की येणार’ असे लिहायचे आणि मदत अपुरी पडली तर फिरायचे, हे तिला नको होते.

“त्यात काय एवढं? लिहायला काय जातंय?” मीही म्हणालो.

“मामा, ही कादंबरी नाही.”

तिने लिहिले ते असे, की तुम्ही माझी पहिली पसंती आहात आणि पुरेशी मदत मिळाली तर मी येईन. ‘तर’ हा शब्द तिने काढला नाही. पत्राची सुरुवात थेट चकतीपासून होती: अर्ज केल्यानंतर मी आणखी पाच वेळा धरणावर गेले, पावसाळ्यातला गाळ बसत चालला आहे, चकती आता ऑगस्टपेक्षा कितीतरी खोल जाईपर्यंत दिसते, पण एका बाजूला, ओढा येऊन मिळतो तिथे, तसे होत नाही, आणि ते का होत नाही हे मला शोधायचे आहे. त्या कॉलेजच्या जवळच्या ओढ्यांवर विद्यार्थी काय काम करतात ते तिने वाचले होते. त्याबद्दल दोन ओळी. संपले. एक विशेषण नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती होडी उभी राहिली.

ते पत्र २०२५ च्या जानेवारीत गेले. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचे कारण भाची नव्हती.

१९९७ साली मी मॅट्रिक झालो. दहावी म्हणत होते तेव्हाही, पण आमचे वडील ‘मॅट्रिक’च म्हणत. मुंबईच्या एका चित्रकला महाविद्यालयात अर्ज केला होता. यादी लागली त्या दिवशी वडिलांबरोबर एस.टी.ने मुंबईला गेलो. फळ्यावर आधी निवड झालेल्यांची नावे, त्याखाली प्रतीक्षा यादी. तिच्यात मी चौथा. खिडकीतल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिले आणि तो म्हणाला, “सोमवारी येऊन जा. कुणी आलं नाही तर बघू.” त्याच्या बोलण्यात वाईट काहीही नव्हते, आज आठवले तर उलट आपुलकीच होती. पण वडिलांना ते लागले. लालबागला मावशीकडे दोन दिवस राहणे सहज शक्य होते. ते म्हणाले, “एकदा विचारलं, बास. दोनदा विचारायला आपण भिकारी नाही.” मला ते त्या वेळी बाणेदार वाटले. संध्याकाळच्या गाडीने आम्ही वाईला परतलो. मग मी जिल्ह्याच्याच ठिकाणी चित्रकला शिक्षकाची पदविका केली आणि मास्तर झालो. कॉलेजची पायरी चढायची राहिली ती राहिलीच.

पुढे आठदहा वर्षांनी एका चित्रकला स्पर्धेत परीक्षक म्हणून एक गृहस्थ भेटले. बोलता बोलता निघाले, की त्याच वर्षी ते त्याच यादीत सातवे होते. सोमवारी ते खिडकीशी गेले. सातव्यापर्यंत यादी आली होती.

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेले नाही. वडील होते तोवर तर नाहीच.

शाळेच्या फळ्यावर जयंती-पुण्यतिथीला चित्र काढायचे काम माझ्याकडे असते. आनंदीबाई जोश्यांचे एक छायाचित्र मी खडूने अनेकदा काढले आहे. १८८५ सालचे, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघी आपापल्या देशांच्या पोशाखांत बसल्या आहेत, एक जपानची, एक सिरियाची आणि एक आपली. लुगड्याच्या निऱ्या खडूने काढणे फार जिकिरीचे. इतक्या वर्षांत मी निऱ्याच बघत राहिलो. ती बाई तिथे पोचली कशी, हे भाचीच्या पत्रानंतर नीट वाचले. १८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुरातून अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र घातले, की पत्नीला शिकवायला अमेरिकेत आणायचे आहे. उत्तराचा सूर असा, की आधी ख्रिस्ती व्हा. एखादा माणूस इथेच थांबला असता. गोपाळराव सोसायला फार कठीण माणूस, पण थांबणारा नव्हे. तो पत्रव्यवहार तिकडच्या एका मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले, आणि मग तिकडून इकडे, इकडून तिकडे, अशी तीन वर्षे पत्रे चालली. आगबोटीने जाणारी पत्रे! १८८३ च्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या आणि त्याच महिन्यात त्यांनी महाविद्यालयाला अर्ज लिहिला. आप्त आणि जातभाई यांचा विरोध पत्करून मी इतक्या दूर आले आहे, परपुरुषाकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांसाठी मला शिकायचे आहे, असा त्याचा आशय. त्यात कुठे लाचारी नाही आणि तोराही नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारीला, त्या पुण्यात वारल्या. वय एकवीस. हे मी भाचीला वाचून दाखवले तेव्हा शेवटची दोन वाक्ये गाळली. तिला ती ठाऊक होतीच.

मार्चअखेर कॉलेजचे दुसरे उत्तर आले: प्रतीक्षा यादी. यादीत राहायचे असेल तर तसे कळवा. तिने त्याच रात्री कळवले. ही यादी कशी हलते ते तिने आम्हाला समजावून दिले, आणि मला आपल्या लग्नातली पंगत आठवली. आमंत्रणे पानांपेक्षा जास्तच केलेली असतात, कारण सगळेच येत नाहीत. कोण आले, कोण नाही, हे पहिली पंगत बसल्याशिवाय कळत नाही. तिकडे १ मे ही पंगत बसायची तारीख. त्यानंतर पाने रिकामी राहिली तर यादीतल्यांना हाक. एखाद्या वर्षी पुष्कळांना, एखाद्या वर्षी एकालाही नाही. आणि तोवर मदतीचा पैसा बराचसा वाटून झालेला असतो. हे सगळे माहीत असूनही मे महिन्यात तिने अर्ध्या पानाचे आणखी एक पत्र पाठवले. बारावीचे गुण, आणि ओढ्याजवळच्या गढूळपणाबद्दल तिला सापडलेली एक गोष्ट: वरच्या अंगाला खडी काढण्याचे काम चालू होते. या वेळी मसुदा मला दाखवलासुद्धा नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही जेवायला बसलो होतो. तिने मोबाईल पाहिला, पालथा ठेवला आणि म्हणाली, “नाही म्हणाले.”

कुणी काही बोलेना. सौभाग्यवतीने डाव हातात तसाच धरला होता. भाचीचे डोळे भरून आले, ते तिने मनगटाने पुसले. मग जरा वेळाने विचारले, “मामी, सकाळचा आमरस उरलाय का गं?”

तिने वाटी पुढे केली तेव्हा माझ्या मनात आलेली भावना सांगायला मला लाज वाटते. मला त्या पोरीचा हेवा वाटला. तिला ‘नाही’ मिळाले होते. स्पष्ट, तारखेसह, सहीनिशी. माझे ‘नाही’ मला अठ्ठावीस वर्षांत कुणी दिलेच नव्हते, कारण मी ते आणायला गेलो नव्हतो. अजूनही कधी मुंबईला गेलो, की त्या रस्त्याने जाताना मी पलीकडच्या पदपथावरून जातो.

भाची सध्या पुण्याला बी.एस्सी. करते आहे. पदवीनंतर पुन्हा तिकडे अर्ज करणार म्हणते. त्या कॉलेजवर तिचा राग नाही. “त्यांनी वाचलं तरी,” एवढेच म्हणाली. दाजींनी मात्र तिच्या नावाने पतपेढीत एक आवर्त ठेव उघडली आहे आणि तिला ते न चुकता ‘कंटिन्यूड इंटरेस्ट’ म्हणतात.

जाता जाता एक सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकांकडे मी कादंबरीचे हस्तलिखित दिले होते. ‘वाचून कळवतो’ म्हणाले. मीही वडिलांचाच मुलगा; पुन्हा विचारले नाही. आमरसाच्या त्या रात्रीनंतर आठवड्याभराने मी त्यांना एक पत्र लिहिले. एक पान. सह्याद्री घातला नाही. कादंबरीचे शेवटचे प्रकरण या वर्षी पुन्हा लिहिले आहे, ते सोबत जोडले आहे, आणि ती तुमच्याकडूनच निघावी अशी माझी अजूनही इच्छा आहे, एवढेच. लखोटा पेटीत टाकताना हात थरथरला हे खरे. उत्तर अजून नाही.

दिवाळीला भाची येईल. धरणावर जायचे आहे, आणि वर्षभर पाण्यात बुडून ताटलीवरचा पांढरा रंग ठिकठिकाणी उडाला आहे. मी ऑइल पेंटचा नवा डबा आणून ठेवला आहे. पाडव्याच्या आत दोन हात मारून, वाळवून तयार ठेव, असे तिने कळवले आहे.